पिग्मीची यादी ऑटोहॉटकीने भरताना नोंदी का चुकतात आणि त्यावर उपाय काय

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका पतसंस्थेत पिग्मी (रोज थोडी थोडी रक्कम जमा करण्याची योजना) एजंटांची वसुली रोज संध्याकाळी एक्सेलच्या यादीत येते. तिथून खाते क्रमांक आणि रक्कम संस्थेच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये हाताने भरावी लागते. विचारणाऱ्यांनी ऑटोहॉटकीत, म्हणजे विंडोजवर कळा आणि क्लिक आपोआप चालवणाऱ्या साधनात, स्क्रिप्ट लिहिली: एक्सेलमधली ओळ कॉपी करायची, ऑल्ट-टॅबने दुसऱ्या खिडकीत जायचे, ठरलेल्या जागी माउसने क्लिक करायचे, क्रमांक आणि रक्कम टाकायची, दोन सेकंद थांबायचे, मग पुढची ओळ. सकाळी चाचणीत सगळे नीट चालले. संध्याकाळी मात्र एका खात्यावर तीच रक्कम दोनदा पडली आणि पुढच्या खात्याची रक्कम गेलीच नाही. त्यांचे विचारणे असे: थांबण्याची वेळ वाढवू, की ऑटोहॉटकी सोडून पायथॉन शिकू?

दोन्हींची गरज नाही. वेळ वाढवून चूक जाणार नाही, फक्त क्वचित होईल, आणि क्वचित होणारी चूक पकडणे जास्त अवघड. भाषा बदलूनही उपयोग नाही, कारण पायथॉनमध्ये हीच पद्धत वापरलीत तर हेच होईल. तुमची स्क्रिप्ट समोर काय आहे ते न पाहता टंकते आहे, मूळ अडचण ती आहे.

आधी चूक कशी झाली ते पाहू. स्क्रिप्ट एक्सेलमध्ये कंट्रोल-सी पाठवते आणि लगेच पुढे जाते. सकाळी यंत्र मोकळे असते, कॉपी क्षणात होते. संध्याकाळी त्याच यंत्रावर चार खिडक्या उघड्या, प्रिंट चालू, अँटीव्हायरसची तपासणी सुरू. एक्सेलला क्लिपबोर्डवर (कॉपी केलेला मजकूर तात्पुरता राहतो ती जागा) नवी ओळ ठेवायला जरा उशीर होतो आणि तोवर स्क्रिप्टने पलीकडे जाऊन क्लिपबोर्ड वाचलेलासुद्धा असतो. तिथे अजून मागचीच ओळ असते. म्हणून मागचे खाते मागच्याच रकमेसह पुन्हा पडते, आणि जे खाते आत्ता यायला हवे होते ते गळते. एरर येत नाही, काही अडत नाही, स्क्रिप्ट शेवटपर्यंत सुरळीत पळते.

यात आणखी वाईट असे की दिवसाची बेरीज जुळू शकते. पिग्मीत रोज १०० रुपये भरणारे एकापाठोपाठ एक असे कितीतरी जण असतात. पहिल्याचे १०० दोनदा पडले, दुसऱ्याचे १०० राहिले, तरी एकूण वसुली बरोबर आणि नोंदींची संख्याही बरोबर. एजंटचा हिशेब मिळाला म्हणून डे-एंड, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद करणे, होऊन जातो. चूक कळते ती त्या भाजीवाल्या मावशी पासबुक घेऊन काउंटरवर येतात तेव्हा. रोजच्या गल्ल्यातून काढून ठेवलेला हा पैसा असतो, म्हणून या कामात 'बहुतेक वेळा बरोबर' मला चालत नाही.

दुरुस्तीला हात घालण्याआधी एक काम करा. प्रोग्रॅम बनवणाऱ्यांना लेखी विचारा की टेक्स्ट फाइलमधून पिग्मी वसुली उचलण्याची सोय आहे का. एजंटांच्या हातातल्या मशीनमधून वसुली थेट प्रोग्रॅममध्ये उतरावी म्हणून अशी सोय बऱ्याच ठिकाणी केलेली असते. मेनूमध्ये ती दिसत नाही, कारण कोणी मागितलेली नसते. टॅली या हिशेबाच्या प्रोग्रॅमचेच उदाहरण घ्या. व्हाउचर एक्सएमएल फाइलमधून उचलण्याची सोय त्यात जुनी आहे, तरीही स्क्रिप्टने टॅलीच्या पडद्यावर एकेक कळ दाबणारे लोक मी पाहिले आहेत. फाइल घेण्याचा रस्ता मिळाला तर खालचे सगळे सोडून द्या, तोच घ्या. उलट बाजूने, प्रोग्रॅमच्या डेटाबेसच्या फायली उघडून त्यात थेट रकमा लिहायच्या फंदात मात्र चुकूनही पडू नका. एका नोंदीमागे तो प्रोग्रॅम खतावणी, शिल्लक, व्याजाचे गुणाकार असे कुठे कुठे लिहितो ते बाहेरून दिसत नाही. आणि स्क्रिप्ट चालवण्याची परवानगी व्यवस्थापकांकडून लेखी घ्या. नोंदी तुमच्या लॉगिनने पडतात, उद्या लेखापरीक्षकांनी विचारले तर उत्तर तुम्हालाच द्यायचे आहे.

फाइल उचलण्याची ही सोय (इम्पोर्ट) नाहीच असे धरून पुढे जाऊ.

पहिला बदल: एक्सेलमधून कॉपी करणे पूर्ण बंद. ऑटोहॉटकीला एक्सेलशी 'कॉम' या विंडोजच्या जोडणीतून थेट बोलता येते. फाइल उघडा, अमुक ओळीतला अमुक रकाना वाचा, व्हेरिएबलमध्ये घ्या. क्लिपबोर्ड मध्ये येतच नाही, त्यामुळे ओळ शिळी असण्याचा प्रश्न मिटतो. स्क्रिप्ट सुरू होताच सगळी यादी एकदम वाचून घ्यावी आणि मगच प्रोग्रॅमकडे वळावे. ओळीओळीला एक्सेलकडे परत गेलात आणि नेमके तेव्हा कोणी एखाद्या रकान्यात टंकत असले, तर एक्सेल बाहेरून आलेली विनंती नाकारतो आणि स्क्रिप्ट मध्येच अडते. इतर कुठे क्लिपबोर्ड वापरावाच लागला तर क्रम असा: आधी क्लिपबोर्ड रिकामा करा, मग कंट्रोल-सी पाठवा, मग 'क्लिप-वेट'ने त्यात काही येईपर्यंत थांबा, आणि मुदतीत आले नाही तर स्क्रिप्ट थांबवा. आधी रिकामा केला नाही तर 'क्लिप-वेट'ला जुना मजकूर दिसतो आणि ते लगेच होकार देते. मग ते लिहूनही उपयोग नाही.

एक्सेलमधून वाचताना दोन ठिकाणी जपा. रकान्याची किंमत दोन तऱ्हांनी मिळते: आत साठवलेली 'व्हॅल्यू' आणि पडद्यावर दिसणारी 'टेक्स्ट'. तारखेसाठी 'टेक्स्ट' सोयीची वाटते, कारण जशी दिसते तशी मिळते. पण स्तंभ अरुंद असला की पडद्यावर #### दिसते आणि 'टेक्स्ट'मध्येही तेच येते. दुसरे खाते क्रमांकांचे. खात्याच्या सुरुवातीला शून्ये असतील तर एक्सेल त्याला संख्या समजून ती खाऊन टाकतो, आणि क्रमांक १५ अंकांपेक्षा लांब असला तर सोळाव्या अंकापासून पुढे शून्ये घालतो. यादी तयार होतानाच तो स्तंभ 'टेक्स्ट' प्रकारचा ठेवायला सांगा. फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी किमती वेगळ्या केलेली साधी टेक्स्ट फाइल) असेल तर ती एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका. शून्ये तिथेच जातात.

आता पलीकडची बाजू. माउसच्या क्लिकवर विसंबू नका. तुमच्या मॉनिटरवर बरोबर पडणारी क्लिक १२५ टक्के स्केलिंग असलेल्या लॅपटॉपवर भलत्याच बटणावर पडते. ऑटोहॉटकीबरोबर 'विंडो स्पाय' नावाचे साधन येते. ते उघडा आणि प्रोग्रॅमच्या रकमेच्या चौकटीवर माउस न्या. खिडकीचे शीर्षक, तिचा वर्ग, ती चालवणाऱ्या एक्सई फाइलचे नाव आणि त्या चौकटीचे नाव, उदाहरणार्थ 'एडिट३', असे सगळे दिसेल. चौकटीला असे नाव असेल तर 'कंट्रोल-सेट-टेक्स्ट'ने त्यात थेट मजकूर घालता येतो आणि 'कंट्रोल-गेट-टेक्स्ट'ने तो परत वाचता येतो. मला विचाराल तर या सगळ्यात परत वाचता येणे सर्वांत मोलाचे आहे. काही जुन्या प्रोग्रॅमना असा घातलेला मजकूर कळत नाही, ते खऱ्या कळांचीच वाट पाहतात. तिथे त्या चौकटीकडे फोकस नेऊन 'सेंड'ने कळा पाठवा, पण नंतर परत वाचायला विसरू नका.

खिडकी ओळखतानाही काटेकोर असावे. ऑटोहॉटकीच्या दुसऱ्या आवृत्तीत, तुम्ही दिलेला मजकूर शीर्षकात कुठेही सापडला की खिडकी जुळली असे धरले जाते. तुमच्या प्रोग्रॅमच्या खिडकीचे शीर्षक 'पिग्मी वसुली' आणि एक्सेल फाइलचे नावही 'पिग्मी वसुली जून' असेल, तर स्क्रिप्ट दोघींपैकी कोणतीही पकडेल. म्हणून शीर्षकाबरोबर एक्सई फाइलचे नावही अटीत घाला.

एका ओळीचा प्रवास मी असा लिहीन. प्रोग्रॅमची खिडकी पुढे आण आणि ती खरोखर पुढे येईपर्यंत 'विन-वेट-ॲक्टिव्ह'ने थांब, जास्तीत जास्त पाच सेकंद. नाही आली तर स्क्रिप्ट बंद. खाते क्रमांक घाल, परत वाच, यादीतल्या क्रमांकाशी अक्षर न् अक्षर जुळतो का पाहा. एन्टर पाठव. आता प्रोग्रॅम खातेदाराचे नाव दाखवतो. नावाची चौकट भरेपर्यंत थांब. ठरावीक दोन सेकंद थांबायचे नाही, नाव दिसेपर्यंत थांबायचे, मग ते पाव सेकंदात येवो की चार सेकंदांत. नाव यादीतल्या नावाशी जुळले तरच रक्कम घाल, तीही परत वाच. मग सेव्ह. सेव्ह झाले हे ओळखायला काहीतरी खूण शोधावी लागते: बहुतेक प्रोग्रॅममध्ये व्हाउचर क्रमांक एकाने वाढतो किंवा चौकटी रिकाम्या होतात. ती खूण दिसल्यावरच एका नोंदवहीच्या फाइलमध्ये ओळ क्रमांक, खाते, रक्कम, व्हाउचर क्रमांक आणि वेळ लिही, आणि पुढची ओळ घे.

'स्लीप' ही आज्ञा मी पूर्ण काढा म्हणत नाही. खूण तपासणाऱ्या लूपमध्ये दर खेपेला ५०–१०० मिलिसेकंदांचा विसावा हवा, नाहीतर यंत्रावर उगाच ताण येतो. तेवढ्यापुरतीच ती ठेवा.

नावांची एक गंमत आपल्याकडे हमखास भेटते. जुन्या प्रोग्रॅममधली मराठी बहुतेकदा युनिकोडमध्ये (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी आजची पद्धत) नसते. पडद्यावर 'पाटील' दिसते, पण आत इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे असतात. मराठी रूप केवळ फाँटमुळे येते. अशा चौकटीतून नाव वाचले तर स्क्रिप्टला ती चिन्हेच मिळतात आणि एक्सेलमधल्या युनिकोड नावाशी ती कधीच जुळणार नाहीत. उलट दिशेने तपशिलाच्या चौकटीत 'पिग्मी जमा' असे युनिकोडमध्ये पाठवले तर ओळीने प्रश्नचिन्हे उमटतात. मार्ग असा: एकदा बसून प्रत्येक खात्यासाठी चौकटीतून मिळणारा तो चिन्हांचा मजकूर वेगळ्या स्तंभात साठवा, खातेदाराचे नाव स्वतःच्या डोळ्यांनी ताडून. पुढे रोज तुलना त्या स्तंभाशी करा. काम कंटाळवाणे आहे, पण एकदाच करायचे आहे.

युनिकोडचा विषय निघालाच आहे तर: स्क्रिप्टमध्ये देवनागरी लिहायची असेल तर फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवा. पहिल्या आवृत्तीला तिच्या सुरुवातीला बॉम ही खूणही लागते, नसेल तर मराठीचा चोथा होतो. दुसरी आवृत्ती यूटीएफ-८ गृहीतच धरते. आणि स्क्रिप्ट चालवताना कीबोर्ड इंग्रजीवर असू द्या. मराठी इनस्क्रिप्ट चालू राहिले तर ऑल्टबरोबर अक्षर दाबून उघडणारे मेनू उघडतीलच याचा भरवसा नाही.

आता अनपेक्षित खिडक्या. खाते बंद असेल तर प्रोग्रॅम 'खाते बंद आहे' असा संदेश दाखवतो. तुमची आताची स्क्रिप्ट तिथे काय करेल ते पाहा: रकमेचे आकडे संदेशाच्या खिडकीवर जाऊन वाया जातील, त्यांच्यामागचा एन्टर 'ओके' दाबून संदेश घालवेल, सेव्हसाठीचा एन्टर रिकाम्या खाते क्रमांकावर पडून कदाचित खात्यांची यादी उघडेल, पुढचा क्रमांक त्या यादीत टंकला जाईल, आणि त्यावरचा एन्टर यादीत जे खाते निवडलेले असेल ते उचलेल. तिथून पुढे कोणाची रक्कम कुठे जाईल सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक पायरीनंतर त्याच एक्सई फाइलची एखादी संवाद-खिडकी वर आली आहे का ते तपासा. विंडोजच्या साध्या संवाद-खिडक्यांचा वर्ग #३२७७० असतो (स्क्रिप्टमध्ये हे अंक इंग्रजीत लिहा). तशी खिडकी दिसली की संदेशाचा मजकूर नोंदवहीत उतरवा आणि थांबा. 'ओके' स्क्रिप्टने दाबू नये, माणसाने वाचून दाबावे.

थांबल्यावर पुन्हा सुरू कुठून करायचे हे नोंदवही सांगते: ज्या ओळीपुढे व्हाउचर क्रमांक आहे ती झाली, पुढची घ्या. एक फट तरी राहते. सेव्ह झाले आणि नोंदवहीत लिहिण्याआधी वीज गेली, तर ती ओळ दुसऱ्यांदा पडेल. म्हणून पुन्हा सुरू करताना पहिल्याच खात्याची आजची नोंद प्रोग्रॅममध्ये शोधून पाहा. हे मी हातानेच करायला सांगतो.

सगळे भरून झाल्यावर तीन आकडे जुळवा: नोंदींची संख्या, रकमेची बेरीज आणि खाते क्रमांकांची बेरीज. तिसरा विचित्र वाटेल. खाते क्रमांक मिळवून येणाऱ्या आकड्याला स्वतःचा काही अर्थ नाही. पण लेखापरीक्षणात ही तपासणी जुनी आणि मान्य आहे, आणि तुमच्या बाबतीत जी चूक झाली ती नेमकी इथेच सापडते. एक खाते दोनदा आले आणि दुसरे गळले, तर १००-१०० मुळे रक्कम जुळेल, संख्या जुळेल, क्रमांकांची बेरीज मात्र फसेल. एक्सेलच्या यादीतली बेरीज एकीकडे, प्रोग्रॅममधून काढलेल्या दिवसाच्या यादीतली दुसरीकडे. ती जुळल्याशिवाय डे-एंड करू नका. आणि व्हाउचर पास करण्याचे काम स्क्रिप्टकडे कधीही देऊ नका. नोंद एकाने करावी आणि पास दुसऱ्याने करावी, ही पद्धत अशाच चुका पकडायला आहे.

काही वेळा स्क्रिप्ट मुळीच काही करत नाही: एक्सेलमध्ये टंकते, प्रोग्रॅममध्ये एक अक्षर उमटत नाही. असे झाले तर प्रोग्रॅम 'ॲडमिनिस्ट्रेटर' म्हणून चालतो आहे का पाहा. विंडोज व्हिस्टापासून साध्या अधिकाराच्या प्रोग्रॅमला वरच्या अधिकाराच्या खिडकीत कळा पाठवता येत नाहीत, आणि नकाराचा संदेशही येत नाही. मग स्क्रिप्टही त्याच अधिकाराने चालवावी लागते. पण तसे केले की आधीपासून उघडलेला साधा एक्सेल तिला सापडत नाही, आणि लोक पुन्हा गोंधळतात. अशा वेळी स्क्रिप्टनेच स्वतःचा एक्सेल सुरू करून फाइल फक्त वाचण्यासाठी उघडावी, किंवा सीएसव्ही वाचावी.

दुसरे, स्क्रिप्ट चालू असताना पडदा लॉक झाला की 'सेंड'च्या कळा प्रोग्रॅमपर्यंत पोचत नाहीत. टास्क शेड्युलरमध्ये 'वापरकर्ता लॉगिन असो वा नसो, चालव' असे निवडून रात्री काम लावण्याचा मोह होतो. तसे लावले तर स्क्रिप्टला पडदाच मिळत नाही, त्यामुळे खिडक्यांवरचे काम तिथे होत नाही. तसेही पैशाच्या नोंदी चालू असताना कोणीतरी समोर बसलेले असावे. त्या माणसासाठी एक कळ राखून ठेवा, जी दाबताच स्क्रिप्ट जागच्या जागी बंद होईल. एस्केप ठेवू नका, तो प्रोग्रॅममध्येही लागतो. कंट्रोल आणि ऑल्टबरोबर एखादी फंक्शन कळ बरी. ऑटोहॉटकीत ^ म्हणजे कंट्रोल, ! म्हणजे ऑल्ट, + म्हणजे शिफ्ट आणि # म्हणजे विंडोजची कळ.

पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहू नका. स्क्रिप्टची एक्सई बनवली तरी आतला मजकूर काढता येतो. शिवाय अशा एक्सईवर अँटीव्हायरस बऱ्याचदा संशय घेतो, म्हणून संस्थेत मूळ स्क्रिप्ट फाइलच ठेवलेली बरी. ज्याला वाचायची आहे त्याला वाचताही येते.

आवृत्तीबद्दल दोन शब्द. ऑटोहॉटकी २००३ मध्ये ख्रिस मॅलेट यांनी काढली. पहिल्या आवृत्तीची मांडणी आज्ञा आणि स्वल्पविराम अशी होती. डिसेंबर २०२२ मध्ये दुसरी आवृत्ती आली आणि मांडणी पुष्कळ बदलली: आता आज्ञा फंक्शनसारख्या, मजकूर अवतरणचिन्हांत. इंटरनेटवरची पुष्कळ उदाहरणे अजून जुन्या मांडणीतली आहेत, आणि एआयकडून लिहून घेतलेल्या स्क्रिप्टमध्ये दोन्हींची सरमिसळ झालेली मी वरचेवर पाहतो. तुम्ही नव्याने लिहिणारच आहात तर दुसरीच घ्या, आणि स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत कोणती आवृत्ती लागते ते लिहून टाका म्हणजे चुकून जुनीवर चालणार नाही.

पायथॉन जरूर शिका, पण याच्यासाठी नको. एजंटांच्या वेगवेगळ्या नमुन्यांतल्या याद्या एकत्र करणे, दुबार खाती शोधणे, चुकीचे क्रमांक बाजूला काढणे यात पायथॉन फार उपयोगी आहे. खिडक्या आणि कळांचे काम ऑटोहॉटकीत कमी ओळींत होते. तुमच्या यंत्रावर काहीच इन्स्टॉल करू देत नसतील तर पॉवरशेल ही स्क्रिप्टची भाषा विंडोजमध्ये आधीच असते, आणि विंडोज ११ मध्ये पॉवर ऑटोमेट हे अशाच कामाचे साधनही सोबत येते. वरच्या सगळ्या तपासण्या तिथेही तशाच लागतात.

सुरुवात विंडो स्पायपासून करा. रकमेच्या आणि नावाच्या चौकटीला स्वतंत्र नाव दिसले, तर वर सांगितलेले सगळे जसेच्या तसे करता येईल. चौकटींऐवजी सगळ्या खिडकीला मिळून एकच नाव दिसले, तर तो प्रोग्रॅम चौकटी स्वतः रंगवतो. मग विंडोजच्या यूआय ऑटोमेशनमधून, म्हणजे पडद्यावरच्या चौकटी दुसऱ्या प्रोग्रॅमला वाचू देणाऱ्या सोयीतून, त्या दिसतात का पाहा. तिथेही दिसल्या नाहीत, तर स्क्रिप्टला परत वाचता येणार नाही, आणि परत वाचता येत नसेल तर पैशाच्या नोंदी स्क्रिप्टने भरू नयेत. अशा वेळी स्क्रिप्टने फक्त पुढचा क्रमांक आणि रक्कम पडद्याच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत दाखवावी, नाव पाहून एन्टर तुम्ही दाबावा.